सर्व विषय मंजूर

२ जुलै २००१, सोमवार

ही डायरी १९९९ ची आहे. ऑफिसच्या कपाटात कोरी पडली होती, उचलली. वार जुळत नाहीत, प्रत्येक पानावर खोडून नवा टाकावा लागतो. चालेल. मोठी माणसं डायरी लिहितात आणि मी मोठा होणार आहे. आत्तापासून सवय.

आई, तू वाचत असशील तर गुपचूप गादीखाली परत ठेव.

संकल्प. रोज पाचला उठणार. ऑफिसात कोणाची खोडी काढणार नाही. आणि वर्षाच्या आत एकदा तरी देवळालीच्या बाहेर पडणार. बाहेर म्हणजे लांब. आजपर्यंतचा माझा सगळ्यात लांबचा प्रवास इगतपुरी, तोही पॅसेंजरमध्ये डोळा लागला म्हणून.

३ जुलै, मंगळवार

पाचला उठलो. पाचच वाजले होते म्हणून परत झोपलो.

ऑफिसात बसवत नाही. खुर्ची टोचते. खुर्ची वडिलांची. ते गेल्यावर अनुकंपावर मला लावलं. बारावीत दोनदा अडकलो होतो, तिसऱ्यांदा बसायच्या आत नोकरी लागली, त्यामुळे बारावी वाचली. काम म्हणजे फौजींच्या पगाराची, पेन्शनची, प्रवासभत्त्याची बिलं तपासायची. रेंजवर तोफा सुरू झाल्या की खिडक्यांच्या काचा वाजतात, आमच्यातलं कोणी मान वर करत नाही. पण बिलावर शिक्का तिरका बसला तर अख्खा सेक्शन उठून उभा राहतो.

मंगलाबाई समोरच्या टेबलावर स्वेटर विणतात. त्यांच्या लोकरीचा धागा तीन टेबलांखालून फिरवून परत त्यांच्याच पर्समध्ये नेऊन ठेवला. दुपारी चारपर्यंत शोधत होत्या. शेवटची खोडी. उद्यापासून बंद.

२७ जुलै, शुक्रवार

मधले दिवस लिहायला वेळ नाही झाला. विशेष काही केलंही नाही.

आज चॅप्टरच्या सभेला गेलो. सैनिकी वित्त व्यवस्थापक परिषद म्हणून एक संस्था आहे. मोठं ऑफिस दिल्लीला, छावणी तिथे शाखा. शाखेला चॅप्टर म्हणतात. व्याख्यानं, निबंध स्पर्धा, पेन्शन मेळावे, असलं चालतं. घरी सांगितलं, मी चॅप्टरमध्ये गेलो. आई म्हणाली, जन्मापासून आहेसच.

सभेची पद्धत भारी आहे. वेळ साडेचारची. साडेचारला हॉलमध्ये फक्त निवृत्ती अण्णा. अण्णा आमचे सुपरिंटेंडंट, वडिलांचे जुने दोस्त आणि नऊ वर्षं चॅप्टरचे कार्यवाह. ते रिकाम्या खुर्च्यांना सांगतात, कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब. पाचला तीच सभा परत भरते. या दुसऱ्या सभेला नियमाने कोरम लागत नाही. जेवढे हजर तेवढ्यांनी ठरवलं की पक्कं. फक्त प्रत्येक ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक पाहिजे. त्यामुळे साडेचारला कोणी येतच नाही. सगळे पाचला, समोशाच्या वासावर.

विषय सात होते. सहा धडाधड झाले. सातव्याला अण्णांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, वेळेअभावी हा पुढच्या सभेत. सगळे एकदम उठले. एवढी एकी मी आमच्या ऑफिसात कधी बघितली नव्हती. महेश माझा दोस्त, शेजारच्या टेबलावरचा. तो म्हणाला, हा विषय नऊ वर्षं पुढे जातोय. दिल्लीवाले विचारतात, वार्षिक अधिवेशन कोण भरवणार, असलं काहीतरी. मी तोवर समोशांकडे गेलो होतो.

ऐकण्यासारखं ऐकलं ते एवढंच. फेब्रुवारीत अधिवेशन आहे. दुसरं कोणी पुढे आलं नाही तर गोव्यात. प्रत्येक चॅप्टरचे दोघं जाणार, एक कार्यवाह आणि एक निबंध स्पर्धेत पहिला आलेला. जाणं-येणं, राहणं, जेवण, सगळं फुकट.

दुसरं कोण पुढे येणार. वेडे थोडेच आहेत.

गोवा. रात्री झोप नाही.

६ ऑगस्ट, सोमवार

निबंधाचा विषय लागला. ‘काटकसर आणि देशरक्षण’. मी पहिला येणार. माझ्याकडे विचार भरपूर आहेत.

९ ऑगस्ट, गुरुवार

निबंध सुरू केला. ‘काटकसर ही फार चांगली गोष्ट आहे.’ जोरदार सुरुवात. मग पाय दुखायला लागले म्हणून बाजारात चक्कर मारून आलो.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

निबंध द्यायची शेवटची तारीख. एकच वाक्य झालं होतं, तेच दिलं. विषयच काटकसरीचा आहे.

२२ ऑगस्ट, बुधवार

पहिली आली संजना. टायपिंगला नवीन लागलीय, सुरगाण्याकडची. कमी बोलते, पण बोलली की समोरच्याला दोन मिनिटं सुचत नाही. माझा निबंध परीक्षकांनी परत पाठवला, वर लिहिलं होतं, ‘पुढील पाने जोडावीत.’

मी मुद्दाम हरलो असं म्हणायला हरकत नाही. कारण आता बघ. निबंधवाली संजना जाणार. दुसरा कार्यवाह जाणार. कार्यवाह मी झालो तर रेल्वेत समोरासमोर सीट.

अवघड एवढंच, अण्णा खुर्ची सोडणार नाहीत. नऊ वर्षं धरून बसलेत. दर वर्षी म्हणतात, मी थकलो रे, कोणीतरी घ्या. यालाच राजकारण म्हणतात. मी फसत नसतो.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

चॅप्टरचं व्याख्यान. ‘प्रवासभत्ता: नव्या तरतुदी’. पुण्याहून साहेब आले होते, पडद्यावर दाखवायच्या प्लॅस्टिकच्या शीट घेऊन. मी त्या उलट्या लावल्या. वक्त्यांनी मान वाकडी करून सगळ्या वाचल्या. पुढच्या रांगेने पण माना वाकड्या केल्या. मंगलाबाई सोडून कोणी काही बोललं नाही. त्या म्हणाल्या, छान समजलं.

चॅप्टर झोपलाय. याला तरुण रक्त पाहिजे.

(आजची खोडी धरायची नाही. ती पाहणी होती.)

८ सप्टेंबर, शनिवार

हरसूलला पेन्शन मेळावा. फौजींच्या विधवांचे अडलेले कागद चॅप्टरवाले तिथल्या तिथे लावून देतात. सकाळीच जीप निघाली. मी कार्यवाह झाल्यासारखा पुढच्या सीटवर बसलो. अण्णा मागे, पाय दुमडून.

शाई-पॅड आणायचं काम माझं होतं. पॅड ऑफिसात राहिलं. दुपारपर्यंत सगळे अंगठे निळ्या पेनाने रंगवून घेतले. माझीच आयडिया. अण्णा काही बोलले नाहीत, म्हणजे आवडली असणार.

नवसाबाई नावाची म्हातारी होती. नवऱ्याचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. सहा वर्षं पेन्शन बंद. संजना तिच्याशी तिकडच्याच बोलीत बोलत बसली आणि दोन्ही नावं एकाच माणसाची कशी, हे अण्णांना समजावलं. अण्णांनी जेवण सोडून कागद लावला. म्हातारी मला म्हणाली, “पोरा, तू पण साहेब हायेस का?”

मी म्हटलं, होणार आहे. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि जाऊन संजनाच्या शेजारी बसली.

परत येताना संजना म्हणाली, तिने निबंधात समुद्र घातलाय, नौदल वगैरे, पण खरा कधी बघितलाच नाही. वर्गातल्या फळ्यावर बघितलाय. फेब्रुवारीचे दिवस मोजते म्हणाली. मी म्हटलं, मी पण नाही बघितला. ती म्हणाली, तुला कोण नेतंय.

बघशीलच.

२० सप्टेंबर, गुरुवार

प्लॅन तयार. डोकं म्हणजे डोकं आहे माझं.

२८ तारखेला वार्षिक सभा, त्यात कार्यवाह निवड. साडेचारला नेहमीसारखी तहकूब होणार. पाचच्या सभेला कोरम लागत नाही. म्हणजे पाचला हॉलमध्ये फक्त मी आणि महेश असलो तर आम्ही दोघं म्हणजे अख्खा चॅप्टर. सूचक महेश, खलास.

बाकीच्यांना पाचला लांब ठेवायचं कसं? सोपं. महेशने चार वाजता चहाच्या टपरीवर एवढंच म्हणायचं, मिलिटरी कॅन्टीनमध्ये मिक्सर आलेत, थोडेच आहेत, साडेपाचला बंद.

महेशला विचारलं, जमेल का. तो म्हणाला, अण्णांना नुसतं सांग ना तुला कार्यवाह व्हायचंय, ते पाया पडतील तुझ्या. महेशला राजकारणातलं कळत नाही.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

झालो.

सकाळपासून सात वेळा पाणी प्यायलो. चार वाजता महेश टपरीवर बोलला. चार-दहाला कॉरिडॉर रिकामा. मंगलाबाई सुया स्वेटरात तशाच ठेवून गेल्या.

साडेचारला अण्णांनी सभा तहकूब केली. मग मलाच विचारलं, आज सगळे पळताहेत कुठे. मी सांगितलं. अण्णांच्या घरचा मिक्सर दिवाळीपासून जळलेला. त्यांनी अजेंड्याचा कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, “पाचला सुरू कर सनी, मी आलोच.”

नऊ वर्षांची खुर्ची आणि मिक्सरसाठी सोडली. मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

पाचला मी आणि महेश. मी अध्यक्ष. कार्यवाह म्हणून माझं नाव, सूचक महेश, अनुमोदक मी. बाकीचे सहा विषय एकेक करून घेत बसलो असतो तर लोक परत आले असते. म्हणून एका दमात म्हटलं, सर्व विषय मंजूर. महेश म्हणाला, वाच तरी. मी म्हटलं, अनुमोदन दे आधी. दिलं.

पाच-सातला सभा संपली. इतिवृत्त लिहून थेट मोठ्या साहेबांच्या ट्रेमध्ये, चॅप्टरचे कायमचे अध्यक्ष तेच. साहेब लगेच सही करतात, न वाचता. मी पण आता तसंच करणार.

समोसे चाळीस आले होते. अकरा खाल्ले.

२९ सप्टेंबर, शनिवार

मिक्सर खरंच आले होते. महेशने हवेत सोडलं होतं, पण आले होते. सगळ्यांना मिळाले. अण्णांना, मंगलाबाईंना, संजनालासुद्धा. आई विचारते, तुझ्या अख्ख्या ऑफिसला मिळाला, तुला कसा नाही. तिला म्हटलं, मी मोठ्या कामात होतो. ती पाट्यावर मिरच्या वाटत होती. वर बघितलं नाही.

महेश पण बोलत नाही. त्याच्या घरी कळलंय.

१ ऑक्टोबर, सोमवार

कार्यवाह म्हणून पहिला दिवस. पाचला उठायचं ठरवलं होतं.

अण्णांनी बोलावलं. विचारलं, विषय किती घेतलेस. सांगितलं, सगळे. त्यांनी विचारलं, सातवा पण? मी म्हटलं, सगळे म्हणजे सगळे. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि अभिनंदन म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. खुर्ची गेल्याचं दुःख. माणूस तसा चांगला आहे.

संध्याकाळी, त्याच दिवशी

सातवा विषय होता, ‘वार्षिक अधिवेशनाचे यजमानपद देवळाली चॅप्टरने स्वीकारावे.’

मंगलाबाईंनी सांगितलं. विणता विणता. गोवा रद्द. अधिवेशन इथे. साहेबांनी शुक्रवारीच दिल्लीला फॅक्स केला, एवढ्या आनंदाने की शिपायाला पेढे आणायला पाठवलं. नऊ वर्षांत देवळालीने पहिल्यांदा हो म्हटलंय. गोव्याहून उलट फॅक्स आला, नुसताच ‘धन्यवाद’, तीन वेळा.

अण्णांकडे पळत गेलो. ठराव फिरवा म्हटलं. ते म्हणाले, तहकूब सभेत झालेला ठराव वर्षभर उघडता येत नाही. घटनेत आहे. घटना कोणी केली विचारलं. म्हणाले, तुझ्या वडिलांनी आणि मी.

संजना कॉरिडॉरमध्ये भेटली. मला वाटलं चिडेल. चिडली नाही. म्हणाली, “मला एकदा विचारायचंस तरी, सनी.”

मी म्हटलं, आपण अधिवेशन असं करू की लोक गोवा विसरतील. ती निघून गेली होती.

१० ऑक्टोबर, बुधवार

विचार केला तर हे बरंच झालं. गोव्यात मी पाहुणा असतो. इथे मी यजमान. प्लॅन: लेझर शो, हत्ती, तोफांची सलामी, गोदावरीत होड्या. संजनाला स्वागत समितीचं प्रमुख करतो. समुद्र नाही तर नदी.

१९ नोव्हेंबर, सोमवार

प्रत्येक गोष्टीला तीन कोटेशन लागतात. हे लोक आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं अडवत आलेत, आता माझी अडवताहेत. हत्तीसाठी तीन हत्तीवाले पाहिजेत. जिल्ह्यात एकच निघाला. मंगलाबाईंनी शेरा मारला, ‘स्पर्धात्मक दर उपलब्ध नाहीत.’ हत्ती रद्द.

११ डिसेंबर, मंगळवार

होड्या रद्द. नदीला पाणी नाही. लेझर शोवाला म्हणाला ट्यूबलाइट लावून देतो. तोफेची सलामी मागायला तोफखान्यात गेलो. तिथल्या सुभेदारांनी चहा पाजला आणि विचारलं, त्यांचं प्रवासभत्त्याचं बिल मेपासून का अडकलंय. बिल माझ्याच टेबलावर आहे. शिक्का तिरका.

सलामी रद्द.

१४ जानेवारी २००२, सोमवार

नवीन डायरी घेतली नाही. जुनीच चालवतोय. काटकसर.

एकशेतीस पाहुणे येणार. थंडी मरणाची. शाळेच्या वर्गांत झोपायची सोय. गाद्या गोळा करतोय, घरोघर. महेश परत बोलायला लागलाय. म्हणाला, माझ्या घरच्या तीन ने, पण पावती दे. अण्णा दोन गाद्या स्वतः डोक्यावर घेऊन आले. पाच किलो हलके दिसतात हल्ली. सकाळी फिरायला पण जातात.

मी बसलेलो नाही आठ दिवस. खुर्ची टोचायला वेळच नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

पाचला उठलो. खरंच. पाहुण्यांना आंघोळीला गरम पाणी पाहिजे होतं. बंब दोन, माणसं एकशेतीस. मी बादल्या वाहिल्या. उद्घाटनाला स्टेजवर माझी खुर्ची होती, पण मी बंबाजवळ होतो. कोणीतरी तिच्यावर हार ठेवले.

संजनाने स्वागताचं भाषण केलं. लोक म्हणतात, सुंदर. मला बादलीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

संपलं. जाताना गोव्याचे कार्यवाह प्रभुदेसाई मला मिठी मारून म्हणाले, तुम्ही आम्हाला वाचवलंत. काजूचं पाकीट दिलं. एकदा गोव्याला या म्हणाले. मग अर्धा तास संजनाशी बोलत उभे होते. निबंध फार आवडला म्हणे.

चांगलं आहे. माझ्या अधिवेशनामुळे तिची ओळख झाली. आभार मानेल कधीतरी.

काजू आईने चटणीला घातले. पाट्यावर.

१५ मे, बुधवार

संजनाची आपसी बदली मंजूर झाली. वास्कोचा एक जण इकडे येतोय, ती तिकडे. प्रभुदेसाईंनी जमवलं. क्वार्टरच्या गच्चीवरून समुद्र दिसतो म्हणे.

निरोपाचे समोसे माझ्याकडे होते, कार्यवाह म्हणून. तिने माझे आभार मानले. खरंच मानले. म्हणाली, “तू सातवा विषय मंजूर केला नसतास तर तीन दिवसांत बघून परत आले असते.”

मी म्हटलं, मी तेव्हाच विचार केला होता.

ती म्हणाली, पत्र टाक. स्टेशनवर गेलो होतो सोडायला. गाडी हलल्यावर थोडं पळालो. प्लॅटफॉर्म फार छोटा आहे इथला.

३ जून, सोमवार

तिच्या जागी आलेले गृहस्थ त्रेपन्न वर्षांचे आहेत. मी विचारलं, समुद्र कसा असतो. म्हणाले, दमट. म्हणूनच इकडे आलो.

संकल्प. पत्र लिहिणे.

२४ ऑगस्ट, शनिवार

पत्र सुरू केलं. ‘समुद्र ही फार चांगली गोष्ट आहे.’ मग पाय दुखायला लागले.

२६ सप्टेंबर, गुरुवार

उद्या वार्षिक सभा. ठरलं. राजीनामा देणार. वर्षभर पुरे झालं. कार्यवाहपद अण्णांना परत, मी मोकळा. मग रजा टाकायची आणि गाडी पकडायची. बॅग भरून ठेवली आहे. भाषण पण तयार. कोणी रडलं तर थांबायचं नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

साडेचारला हॉलमध्ये मी. रिकाम्या खुर्च्यांना सांगितलं, कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब.

पाच वाजले. कोणी नाही. समोसे आले. सव्वापाचला खिडकीतून बघितलं. अख्खा चॅप्टर कॅन्टीनच्या रस्त्याने चाललेला. अण्णा सगळ्यांच्या पुढे, मंगलाबाईंच्या हातात पिशवी, महेश पळत. मी हाक मारून विचारलं, काय आलंय. महेश न थांबता म्हणाला, “प्रेशर कुकर. तू सुरू कर, आम्ही आलोच.”

सुरू केली. भाषण केलं, पूर्ण. राजीनामा मांडला, सूचक मी. अनुमोदक आहे का विचारलं. परत विचारलं. रेंजवर तोफ उडाली, काचा वाजल्या. तसलं अनुमोदन घटनेत बसत नाही.

राजीनामा एकमताने नामंजूर. कार्यवाह पुढील वर्षासाठी कायम. बाकीचे विषय वाचले, सगळे, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि वेळेअभावी पुढच्या सभेत ढकलले.

लोकांचा विश्वास आहे माझ्यावर, एवढं नक्की.

आई, तू वाचत असशील तर बॅगेतले कपडे काढून परत कपाटात ठेव. आणि कुकर खरंच आले होते.